‘सारखा’ची वही : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

शाळा सुरू झाली. नववीचा इंग्रजीचा तास यंदाही माझ्याकडेच आहे, म्हणून सुट्टीभर डोक्यात घोळणारं काम आजपासून हाती घेते. दोन गोष्टींतलं साम्य आणि फरक इंग्रजीत सांगता यावा, यासाठी मुलांना एक छोटी वही करून द्यायची. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स प्रत पडली पाहिजे.

निमित्त गेल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेचं. एका मुलाला विचारलं, तुझ्यात आणि तुझ्या भावात काय फरक आहे ते इंग्रजीत सांग. हा मुलगा ‘डिग्री बदला’चा प्रश्न कधी चुकत नाही. ‘नो अदर बॉय इन द क्लास इज अॅज टॉल अॅज...’ असले साचे आमच्या मुलांच्या तोंडात बसलेले असतात. पण सख्ख्या भावाबद्दल तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘ही इज सेम लाइक मी, बट डिफरंट.’ त्याला सांगायचं पुष्कळ होतं. ते त्याला सांगता यायला हवं होतं.

१९ जून

शब्दांची यादी झाली. सेम, सिमिलर, अलाइक, लाइक, आयडेंटिकल, इक्वल, अनलाइक, रिझेम्बल, कॉमन, डिफर, डिस्टिंक्ट, डिस्टिंग्विश, कॉन्ट्रास्ट, व्हेअरअॅज, लाइकवाइज... असे ६३ शब्द. प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहिला. लिहिताना लक्षात आलं की पहिल्या सहा शब्दांपुढे मी ‘सारखा’, ‘एकसारखा’, ‘सारखाच’ हेच फिरवून फिरवून लिहिते आहे. मुलाने ही यादी पाठ केली तर ऐन वेळी सहांतला कोणता उचलायचा हे त्याला कसं कळणार?

२४ जून

यादी शिकवायच्या आधी चाचणी घेतली. ३४ मुलं हजर होती. फळ्यावर पाच मराठी वाक्यं लिहिली आणि इंग्रजीत करायला सांगितली:

माझी बहीण आईसारखी दिसते.
आमच्या दोघींची उंची सारखी आहे.
तो वर्गात सारखा बोलतो.
हा किल्ला बघण्यासारखा आहे.
त्याने ऐकलंच नसल्यासारखं केलं.

वह्या घरी आणून तपासल्या. तिसऱ्या वाक्याला ११ मुलांनी ‘ही सेम टॉक्स इन क्लास’ लिहिलं. चौथ्याला ‘धिस फोर्ट इज लाइक टू सी’. पहिलं वाक्य बहुतेकांचं बरोबर आलं, कारण ‘लुक्स लाइक’ पाठ्यपुस्तकात येऊन गेलेलं आहे. पाचव्याला निम्म्यांनी हातच लावला नाही.

चूक मुलांची नाही. मराठीतला ‘सारखा’ हा एक शब्द घरातली पाच कामं करतो. इंग्रजीत त्या पाच कामांना पाच वेगळी माणसं आहेत. मी सुरुवात इंग्रजीकडून करत होते. मुलं मात्र मराठीकडून येतात. त्यांच्या तोंडात आधी ‘सारखा’ येतो आणि मग ते इंग्रजी शब्द शोधतात. वहीही तिथूनच सुरू व्हायला हवी. ६३ शब्दांची यादी बाजूला ठेवली.

२७ जून

आज फळ्याच्या मधोमध ‘सारखा’ लिहून मुलांकडूनच वाक्यं गोळा केली. वीस मिनिटांत फळा भरला. मग मुलांनीच गट पाडले. रूप किंवा गुण जुळतात तो ‘लाइक’. मोजलं तर तेवढंच भरतं तो ‘द सेम’ किंवा ‘इक्वल’. थांबतच नाही तो ‘कीप्स टॉकिंग’मधला ‘कीप्स’, नाहीतर ‘ऑलवेज’. लायकीचा आहे तो ‘वर्थ’, म्हणजे ‘वर्थ सीइंग’. आणि तसं नसून तसं दाखवणं तो ‘अॅज इफ’. या शेवटच्या गटाला एका मुलीने ‘सोंगाचा सारखा’ असं नाव दिलं. वहीत हेच नाव छापायचं.

तास संपताना एकाने विचारलं, ‘मॅडम, सारखा हा शब्द आला कुठून?’ उत्तर माहीत होतं, याचा फार आनंद झाला. संस्कृतातल्या ‘सदृक्ष’वरून प्राकृतात ‘सारिक्ख’ झाला आणि तिथून आपला ‘सारखा’. त्यात ‘दृश्’ म्हणजे पाहणं आहे. इंग्रजीतला ‘लाइक’ जुन्या इंग्रजीतल्या ‘गेलिक’वरून येतो, त्यातल्या ‘लिक’चा अर्थ शरीर, आकार. म्हणजे आपल्याला जे दिसायला जुळतं, ते त्यांना अंगाने जुळतं. ‘स्लोली’, ‘क्विकली’ यांच्या शेवटी येणारा ‘ली’ही याच ‘लिक’चा उरलेला तुकडा. आणि ‘सेम’ तर आपल्या ‘सम’चा थेट भाऊबंद. ‘समान’, ‘समभुज’ म्हणणाऱ्या मुलाला ‘सेम’ परका वाटायचं कारण नाही.

हे सगळं वहीत घालणार नाही. पण ‘सम’ आणि ‘सेम’ची जोडी पानाच्या समासात नक्की देणार.

१ जुलै

आजचा तास एका वाक्यावर गेला आणि तो सत्कारणी लागला. वाक्य होतं, ‘आम्ही एकाच बसने येतो.’

मुलांची उत्तरं: ‘वी कम बाय वन बस’, ‘वी कम बाय ओन्ली वन बस’. खरं उत्तर ‘द सेम बस’. पण मग ‘आमच्या दोघींचा ड्रेस सारखाच आहे’ यालाही ‘द सेम ड्रेस’च म्हणतात. बस एक आहे, ड्रेस दोन आहेत, आणि इंग्रजी दोन्हीकडे ‘सेम’ म्हणते. मराठीत ‘एकच’ आणि ‘सारखाच’ हे वेगळे ठेवलेले आहेत. इथे आपली भाषा बारीक आहे आणि इंग्रजी ढोबळ. हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. इंग्रजी शिकताना आपल्याकडे कायम काहीतरी कमीच आहे अशी त्यांची समजूत होऊन बसते, आणि ती मला फार लागते.

यातूनच ‘द’चा प्रश्न सुटला. ‘सेम’ म्हणजे तीच, ठरलेली; म्हणून पुढे ‘द’. ‘सिमिलर’ म्हणजे तशा अनेकांपैकी एखादी. म्हणून ‘अ सिमिलर बस’. ‘अ सेम’ असं कुणी लिहिलं की मी फक्त ‘तीच की तसली?’ एवढंच विचारते. तीच असेल तर ‘द सेम’, तसली असेल तर ‘अ सिमिलर’. वहीत हे ठळक अक्षरात.

३ जुलै

मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांशी बोलणं झालं. आमचे वर्ग सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. दहावीच्या भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपतेचं, तिथे ‘सिमिलर ट्रँगल्स’ येतात. कोन तेच, बाजू एकाच प्रमाणात. ‘काँग्रुअंट’ म्हणजे एकरूप, एकावर एक ठेवला की तंतोतंत बसणारा.

सरांनी एक चांगली अडचण दाखवली. भूमितीत एकरूप त्रिकोण समरूपही असतातच. पण रोजच्या बोलण्यात ‘सिमिलर’ म्हटलं की ऐकणारा समजतो, थोडा तरी फरक आहे. ‘दीज टू पेन्स आर सिमिलर’ म्हणणारा माणूस ती पेनं अगदी तीच नाहीत हेही सांगत असतो. पुढे दहावीत मुलं गोंधळू नयेत म्हणून ‘भूमितीचा सिमिलर’ आणि ‘बोलण्याचा सिमिलर’ असे दोन चौकोन वहीत करायचे ठरलं. आकृत्या सर काढून देणार आहेत.

९ जुलै

एकादशीमुळे गेला आठवडा तसा रिकामाच गेला. पंढरपूर जवळ, त्यामुळे निम्म्या मुलांच्या घरी पाहुणे किंवा दिंडीचा मुक्काम. वहीचं काम झालं नाही.

११ जुलै

आता शब्दाला चिकटून येणारे छोटे शब्द. खरी पडझड इथेच होते. ‘सिमिलर टू’च्या जागी ‘सिमिलर विथ’, ‘सेम अॅज’च्या जागी ‘सेम लाइक’, ‘डिफरंट फ्रॉम’च्या जागी ‘डिफरंट दॅन’, ‘डिफरन्स बिटवीन’च्या जागी ‘डिफरन्स ऑफ’. मुलं बरोबर जोड्या पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात.

विचार करताना ‘हून’ सापडला. आपण ‘पुण्याहून आलो’ म्हणतो आणि ‘त्याहून वेगळा’ही म्हणतो. प्रत्यय एकच. कुठून तरी निघून दूर जाणं, हीच वेगळं असण्याची कल्पना. इंग्रजीतही अगदी तेच: ‘केम फ्रॉम पुणे’, ‘डिफरंट फ्रॉम दॅट’. ‘डिफर’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थच मुळी दूर वाहून नेणं. मग सूत्र सोपं झालं: ‘वेगळा’ आला की मनात ‘हून’ म्हणायचं आणि कागदावर ‘फ्रॉम’ लिहायचं. ‘पेक्षा वेगळा’ म्हटलं की ‘दॅन’ येतो. अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ चालतं आणि ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ही ऐकू येतं, पण ‘फ्रॉम’ दोन्हीकडे बरोबर. मुलांना एकच द्यायचं तर तेच द्यावं.

वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे मॅडम, आपल्याला येतच होतं की!’

१५ जुलै

११ तारखेच्या सूत्रात भोक निघालं. आज सहा वह्यांत ‘शी इज टॉलर फ्रॉम मी’. मुलांनी बरोबरच केलं होतं, ‘माझ्याहून उंच’ हेही शुद्ध मराठीच आहे. ‘हून’ दोन्हीकडे येतो, इंग्रजी मात्र दोन वाटा करते.

दुरुस्ती: ‘वेगळा’ असेल तर ‘हून’वरून ‘फ्रॉम’. मोठा, उंच, गोड, महाग असं कमीजास्त असेल तर ‘पेक्षा’वरून ‘दॅन’, आणि तेव्हा विशेषणाला ‘अर’ किंवा पुढे ‘मोअर’. मराठीत विशेषण हलत नाही, ‘उंच’चं ‘उंच’च राहतं, सगळं ओझं ‘पेक्षा’ वाहतो. म्हणून मुलं ‘टॉल दॅन’ लिहितात. आणि ‘अर’ची आठवण करून दिली की घाबरून ‘मोअर टॉलर’ लिहितात. एकदाच ओझं द्यायचं, दोनदा नाही, असं सांगून पाहिलं. काहींना पटलं. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांना ‘दॅन’ न लागता ‘टू’ लागतो, कारण ते लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आलेले. ही चारच नावं वेगळ्या चौकटीत.

२२ जुलै

आज वर्गात दोन वाट्या नेल्या, एकीत ज्वारी आणि दुसरीत बाजरी. आमचा तालुका मालदांडी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. या विषयावर मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि तेच मला हवं होतं. ज्याला विषय माहीत आहे तो शब्द शोधायला धडपडतो.

आधी मराठीत बोलणं. ज्वारीचा दाणा टपोरा, पांढुरका. बाजरीचा बारीक, करडा. आमच्याकडची ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि जमिनीतल्या ओलीवर, थंडीत वाढते. बाजरी पहिल्या पावसावर पेरतात. दोन्हींची भाकरी होते, दोन्हींचा कडबा-सरमाड गुरांना जातो. बाजरी थंडीत खावी, उष्ण पडते, असं प्रत्येकाच्या आजीचं मत.

मग इंग्रजी. ‘बोथ जोवार अँड बाजरा आर मिलेट्स.’ इथवर सगळे. ‘जोवार ग्रेन्स आर राउंड अँड पेल, व्हेअरअॅज बाजरा ग्रेन्स आर स्मॉल अँड ग्रे.’ हे पाच-सहा जणांना जमलं. ‘व्हेअरअॅज’ म्हणजे इथला ‘तर’. त्याच अर्थाचा ‘व्हाइल’ मुद्दाम मागे ठेवला, कारण मुलांच्या डोक्यात ‘व्हाइल’ म्हणजे ‘करत असताना’ एवढंच बसलं आहे. ‘अनलाइक जोवार, बाजरा इज सोन इन जून’ हे वाक्य एका मुलीने केलं आणि वर्ग गप्प झाला. वाक्याची सुरुवात फरकाने करता येते, हे त्यांना नवीन होतं. दुसऱ्या एकाने ‘अनलाइक’चा अर्थ ‘न आवडणारा’ घेतला होता. ‘डिसलाइक’ वेगळा, हे लिहून ठेवलं.

नकाराची एक मोठी अडचण निघाली. ‘दोघांनीही डबा आणला नाही’ याचं मुलं ‘बोथ डिड नॉट ब्रिंग टिफिन’ करतात. इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटू शकतं, एकाने आणला असेल. इथे ‘नीदर ऑफ देम ब्रॉट’. दोघंही नाहीत तिथे ‘बोथ’ला सुट्टी.

५ ऑगस्ट

विज्ञानाच्या मॅडमनी मला ‘फरक स्पष्ट करा’ची उत्तरं दाखवली. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी. दोन रकाने आखलेले. डावीकडे पहिला मुद्दा: पेशीभित्तिका असते. उजवीकडे पहिला मुद्दा: आकार अनियमित असतो. दोन्ही खरे, पण एकमेकांसमोर ठेवण्यासारखे नाहीत. फरक कुठे स्पष्ट झाला?

मी म्हटलं, रकान्यांआधी मुलांना एक सलग वाक्य करायला लावू, मधे ‘व्हेअरअॅज’ घालून. ‘अ प्लांट सेल हॅज अ सेल वॉल, व्हेअरअॅज अॅन अॅनिमल सेल...’ इथे थांबलं की पुढे आकार येऊच शकत नाही. ‘हॅज नो सेल वॉल’ हेच यावं लागतं. शब्दच मुलाला त्याच मुद्द्यावर धरून ठेवतो. मॅडमनी लगेच उद्याच्या तासाला करून बघायचं ठरवलं. मला हा शब्द आधीपासून आवडायचा. आज तो जास्तच मोलाचा वाटला.

८ ऑगस्ट

विज्ञानाच्या तासाला बसून पाहिलं. ३२ पैकी २६ जणांचे मुद्दे समोरासमोर आले.

२ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. आज ‘टॉलर’ पुन्हा तपासला. ‘मोअर टॉलर’ अजून सात वह्यांत आहे. ‘टॉलर फ्रॉम’ एकाही वहीत नाही. ठीक. सरावाची दोन पानं वाढवते.

९ सप्टेंबर

‘उलट’ या शब्दाने तीन दिवस खाल्ले. ‘तो आळशी नाही. उलट, पहाटे चारला उठून धारा काढतो.’ आणि ‘थोरला शांत आहे, याउलट धाकटा दंगेखोर.’ मुलं दोन्हीकडे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहितात, कारण शब्दकोशात ‘उलट’पुढे तेच सापडतं.

शेवटी एक कसोटी हाती लागली: बोलणं एकाबद्दल चाललंय की दोघांबद्दल? एकाच माणसाबद्दल आधीचं म्हणणं खोडून काढायचं असेल तर ‘ऑन द कॉन्ट्ररी’. दोघांना शेजारी उभं करायचं असेल तर ‘इन कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘ऑन द अदर हँड’. ‘कॉन्ट्रास्ट’चा मूळ अर्थच समोर उभं राहणं, म्हणजे उभे राहायला दोघं लागणारच. दोन मुलांना फळ्यापुढे समोरासमोर उभं करून दाखवलं. बारा वाक्यं दिली, बहुतेकांची नऊच्या वर बरोबर आली.

‘कम्पेअर विथ’ आणि ‘कम्पेअर टू’ यांतला जुना भेद (विथ म्हणजे तपासून पाहणं, टू म्हणजे उपमा देणं) चार ओळींत आटोपला. आता दोन्ही सरमिसळ चालतात, नववीच्या मुलाला त्यात अडकवायचं नाही.

१८ सप्टेंबर

वर्गातला एक मुलगा फारसा बोलत नाही. घरी मेंढरं आहेत, माडग्याळ जातीची, पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं नाक असलेली. त्याच्या वाडग्यावर, म्हणजे मेंढरं कोंडतात तिथे, जाण्याचा योग आला. मला सगळ्या मेंढ्या एकसारख्या दिसत होत्या, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. तसं म्हटलं, तर तो हसला नाही, जरा चकितच झाला. म्हणाला, ‘एकसारख्या कुठं हायत्या मॅडम? ही कान पाडून चालती, ती न्हाई.’ आणि मग त्याने एकेकीची ओळख करून दिली. चाळीसेक मेंढ्या, प्रत्येकीला नाव.

तिथेच उभं राहून त्याला दोन शब्द दिले: ‘लुक अलाइक’ आणि ‘टेल अपार्ट’. ‘टू मी दे लुक अलाइक. यू कॅन टेल देम अपार्ट.’ ‘अलाइक’ नेहमी क्रियापदाच्या नंतर येतो, ‘अलाइक शीप’ असं होत नाही, हेही सांगितलं. ‘टेल’चा जुना अर्थ मोजणं, बँकेतला पैसे मोजणारा ‘टेलर’ त्यातूनच आला. मेंढरं मोजणाऱ्याच्या हाती हा शब्द शोभला. त्याने दोनदा म्हणून पाहिला, ‘टेल अपार्ट’, आणि तिसऱ्यांदा वाक्यात: ‘माय ग्रँडमदर कॅन टेल देम अपार्ट इन द डार्क.’ आजी अंधारात आवाजावरून ओळखते म्हणे.

६३ शब्दांच्या यादीत ‘टेल अपार्ट’ नव्हता. ‘डिस्टिंग्विश’ होता.

२६ सप्टेंबर

प्रत्येकाने घरच्या दोन गोष्टींवर सात वाक्यं लिहून आणायची होती. विषय: दोन आज्या, जुनं घर आणि घरकुल, विहीर आणि बोअर, दोन बैल, आईच्या हातची आणि मावशीच्या हातची पुरणपोळी. मार्चमध्ये भावाबद्दल गप्प राहिलेला मुलगा आता दहावीत आहे. त्याने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, मीही लिहू का? लिही म्हटलं.

त्याचं दुसरं वाक्य: ‘वी हॅव द सेम व्हॉइस, सो अवर मदर कॅनॉट टेल अस अपार्ट ऑन द फोन.’ पाचवं: ‘अनलाइक मी, ही नेव्हर गेट्स अँग्री.’ मी ते स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवलं.

७ ऑक्टोबर

वही तयार. २८ पानं, त्यांतली १० सरावाची. ‘सारखा’ची पाच घरं पहिल्या पानावर, ‘एकच की सारखाच’ दुसऱ्यावर, ‘हून’ आणि ‘पेक्षा’ समोरासमोरच्या पानांवर, म्हणजे वही उघडली की दोन्ही एकदम दिसतील. शब्द ६३ वरून ४१ वर आले.

झेरॉक्सवाल्याने ४० प्रती उद्यापर्यंत द्यायचं कबूल केलं आहे. शेवटच्या पानावर त्या मेंढरंवाल्या मुलाची मेंढरांवरची सात वाक्यं घेतली. त्यातली मेंढ्यांची नावं इंग्रजी वाक्यातही आहेत तशीच ठेवली, आणि ‘इन द डार्क’ हे शब्द त्याने स्वतः जाड पेनाने गिरवून दिले आहेत.